आतून कडी

ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावात १८४८ च्या जानेवारीत दणकून बर्फ पडला. गाव चिमुकलं, नाव मात्र इंग्लंडातून उसनं आणलेलं. तिथल्या कॉलेजाचं नाव मायामी युनिव्हर्सिटी. फ्लोरिडातल्या मायामीशी त्याचा काही संबंध नाही. त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या जमातीवरून ते पडलेलं. तर एका रात्री तिथल्या पोरांनी बर्फाचे मोठमोठे गोळे वळले आणि लोटत नेऊन कॉलेजच्या मुख्य इमारतीची दारं बुजवून टाकली. प्राचार्य मॅकमास्टर म्हणजे कडक शिस्तीचे धर्मोपदेशक. ज्यांनी हे केलं त्यांना काढून टाकीन, असं त्यांनी जाहीर केलं. पोरांनी त्याचं उत्तर दुसऱ्या रात्री दिलं. या खेपेला बर्फाच्या जोडीला लाकडं, बाकं, टेबलं, शेगड्या, हाताला लागेल ते दारात कोंबलं.

चौकशी बसली. दंग्यात पुढे असलेल्यांत कॉलेजातल्या दोन गुप्त मंडळांची पोरं बरीच होती. एक बीटा थीटा पाय, तिथंच १८३९ साली निघालेलं. दुसरं अल्फा डेल्टा फाय. कुणाला काढलं, कुणी आपणहून गाशा गुंडाळला. दोन्ही मंडळं ओस पडली. त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत, २६ डिसेंबरला, मागे राहिलेल्यांपैकी सहा जण वसतिगृहाच्या एका खोलीत जमले आणि त्यांनी नवं मंडळ काढलं: फाय डेल्टा थीटा. हे सहा जण दंगेखोर नव्हते. धार्मिक, अभ्यासू, जरा जास्तच सरळ वळणाची पोरं ती. त्या मंडळाचा बॅज पुढे १९६९ साली चंद्रावर जाऊन आला. पर्ड्यू विद्यापीठात शिकताना त्या मंडळाचा सभासद झालेला नील आर्मस्ट्राँग तो सोबत घेऊन गेला होता.

अशा मंडळाला तिकडे फ्रॅटर्निटी म्हणतात. आता 'अमेरिकन कॉलेजातली फ्रॅटर्निटी' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच. अंगाला पलंगपोस गुंडाळून नाचणारी पोरं, बिअरचं पिंप, हिरवळीवर फेकलेला सोफा, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी लोंबकळतंय. हे चित्र हॉलीवूडनं दिलं, आणि ते खोटं नाही. पण अर्धवट आहे. त्या चित्रात खोली दिसते, खोलीत चाललेला धिंगाणा दिसतो. खोलीच्या दाराला आतून लावलेली कडी दिसत नाही. दोनशे वर्षांचा हा इतिहास मला तरी त्या कडीचाच वाटतो. ज्या काळात प्राध्यापकांच्या नजरेसमोर जे करायची सोय नव्हती, ते त्या खोलीत गेलं. सुरुवातीला तिथं काय गेलं, हे ऐकलं तर हसू येईल.

निबंध.

१८२० च्या दशकातलं अमेरिकन कॉलेज म्हणजे मुलांच्या दृष्टीनं निम्मा मठ, निम्मी छावणी. पहाटे घंटा झाली की प्रार्थनेला हजर. मग लॅटिन, ग्रीक, गणित. शिकवणं म्हणजे पाठांतर म्हणून घेणं. मास्तर नाव पुकारणार, पोरानं उभं राहून नेमलेला उतारा म्हणायचा, मास्तरांनी वहीत खूण करायची. चालू राजकारण, नव्या कादंबऱ्या, आधुनिक कविता यांना अभ्यासक्रमात जागा नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजात एलिफॅलेट नॉट नावाचे प्राचार्य होते. ते १८०४ साली त्या खुर्चीत बसले आणि १८६६ साली मरेपर्यंत बासष्ट वर्षं उठले नाहीत. त्यांच्या कॉलेजात २६ नोव्हेंबर १८२५ रोजी काही विद्यार्थ्यांनी कप्पा अल्फा सोसायटी काढली. १८२७ मध्ये तिचं पाहून सिग्मा फाय निघाली, त्याच वर्षी डेल्टा फाय. या तिघींना 'युनियन ट्रायड' म्हणतात, आणि आजच्या अर्थानं फ्रॅटर्निटी इथून सुरू होते.

ही पोरं जमून निबंध वाचत, वाद घालत, एकमेकांची टर उडवत, खात आणि थोडी पीतही. कप्पा अल्फाचं चिन्ह म्हणजे घड्याळाची किल्ली. खिशातल्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे त्या काळातली. साखळीला अडकवायची, येता-जाता दिसेल न दिसेल अशी. ज्याला माहीत त्याला कळावं, बाकीच्यांना ती नुसती किल्ली वाटावी. पुढची सगळी गंमत आणि सगळी भानगड त्या किल्लीत आहे.

ग्रीक अक्षरांची टूम त्याच्याही आधीची. अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच वर्षी, ५ डिसेंबर १७७६ रोजी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी फाय बीटा कप्पा स्थापन केली. गुप्त हस्तांदोलन, शपथ, ब्रीदवाक्य, सगळं होतं. बाहेर क्रांती चालू होती आणि आत पोरं आफ्रिकनांना गुलाम करणं न्याय्य आहे का, यावर वाद घालत होती, तेही व्हर्जिनियात. पण १८२६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावचा विल्यम मॉर्गन नावाचा माणूस फ्रीमेसन मंडळींची गुपितं छापायला निघाला, त्याला पळवून नेलं गेलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. देशभर गुप्त मंडळांविरुद्ध ओरड उठली. मेसनविरोधी राजकीय पक्षही निघाला. हार्वर्डच्या फाय बीटा कप्पानं १८३१ साली आपलं गुपित सोडून दिलं, आणि ती हळूहळू हुशार विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था बनली. आज ती बायोडेटात लिहायची गोष्ट आहे. गुपित गेलं तशी गंमत गेली, आणि पोरं दुसऱ्या दारानं आत शिरली. युनियनमध्ये नॉटसाहेबांनी गुप्त मंडळांविरुद्ध आवाज चढवला खरा, पण १८३३ साली त्यांच्याच नाकाखाली साय अप्सिलॉन निघाली. साहेबांनीही मग नमतं घेतलं.

'फ्रातेर' म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ. आपल्या संस्कृत 'भ्रातृ'चाच तो चुलतभाऊ. घरापासून शेकडो मैल लांब आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला हा शब्द किती लागू पडत असेल, हे पुण्यात पेठेतल्या खोलीत राहून खाणावळीत जेवलेल्या कुणालाही सांगायला नको. ताटावरची दोस्ती वर्गातल्या दोस्तीपेक्षा टिकते. फरक इतकाच की आपल्या खाणावळीत पैसे भरले की ताट मिळत होतं. तिथं ताट मिळण्याआधी मतदान होत होतं.

यानंतर खोलीचं घर झालं. मिशिगन विद्यापीठात काय साय मंडळाच्या पोरांनी १८४० च्या दशकात ॲन आर्बरजवळच्या झाडीत ओंडक्यांची एक झोपडी उभारली. अमेरिकेतलं पहिलं फ्रॅटर्निटी-घर म्हणून तीच सांगितली जाते. पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री टॅपन यांनी जर्मन धर्तीवर वसतिगृहं मोडीत काढली: मुलांनी कुठं राहायचं ते त्यांचं त्यांनी बघावं, विद्यापीठानं शिकवावं. १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर राज्याराज्यांत सरकारी जमिनीच्या पैशावर विद्यापीठं उभी राहिली. तिथंही वर्गखोल्या आधी आल्या, निवाऱ्याचं घोडं मागं राहिलं. मुलांची सोय कुणी केली? ज्यांच्या माजी विद्यार्थ्यांकडे पैसा होता त्या मंडळांनी. विद्यापीठाचा खर्च वाचला, मंडळाला इमारत मिळाली. नंतर विद्यापीठांना ही घरं नकोशी झाली तेव्हाही ती सहजी हटेनात, त्याचं एक कारण हे. कित्येक घरं मंडळांच्या मालकीची, जमीन त्यांची, आणि देणग्या देणारे बडे माजी विद्यार्थी त्याच घरांत वाढलेले.

अशा घरातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर एक गोष्ट हटकून असते. तिला 'कॉम्पोझिट' म्हणतात. मोठी चौकट, तिच्यात पासपोर्टच्या आकाराचे डझनावारी फोटो, सगळे एकाच कोटात, एकाच पार्श्वभूमीवर, खाली नाव. अध्यक्ष, खजिनदार, सचिव यांचे फोटो जरा मोठे. मध्ये ग्रीक अक्षरं आणि साल. काही चौकटींत घर सांभाळणाऱ्या बाईंचा फोटो असतो, क्वचित स्वयंपाक्याचा, आणि एखाद्या वर्षी कुत्र्याचाही, टाय लावून. प्रत्येक वर्षाची एक चौकट. जुन्या घरांत जिन्यावरून वर जाताना एकेका पायरीला एकेक दशक मागं पडतं. केसांचे भांग बदलतात, कॉलर बदलते. चेहऱ्यांचा रंग मात्र कितीतरी पायऱ्या बदलत नाही.

त्यावर येतोच. पण आधी छळाचं.

आपल्याला रॅगिंग ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. पण अमेरिकन 'हेझिंग' हे रॅगिंगचं भाषांतर नव्हे. रॅगिंग वाट्याला येतं. कॉलेजात प्रवेश घेतला हाच गुन्हा. हेझिंगला पोरगा आपल्या पायांनी जातो. आधी 'रश', म्हणजे मंडळांनी मुलं पारखायची आणि मुलांनी मंडळं. मग आमंत्रण. ते स्वीकारलं की पोरगा 'प्लेज' झाला: उमेदवार, धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. या अधांतरी काही आठवड्यांत तो 'भावां'च्या गाड्या धुतो, संस्थापकांची नावं पाठ करतो, लाकडी वल्ह्यासारख्या फळीचे फटके खातो. 'नको' म्हणायची मुभा त्याला प्रत्येक क्षणी असते, आणि म्हणूनच तो म्हणत नाही. मोजलेली किंमत वसूल करायची तर दार उघडेपर्यंत थांबायला हवं. पुढच्या वर्षी तोच फळी हातात घेतो.

हा प्रकार मुळात फ्रॅटर्निटींचा नव्हता. जुन्या कॉलेजांत दुसऱ्या वर्षाची पोरं पहिल्या वर्षाच्यांना पिडत; वर्गच्या वर्ग एकमेकांवर धावून जात. यादवी युद्धानंतर ही रीत हळूहळू वर्गांकडून मंडळांकडे सरकली. कॉर्नेल विद्यापीठ १८६८ साली उघडलं. पाच वर्षांनी, १० ऑक्टोबर १८७३ च्या रात्री, कप्पा अल्फाच्या नव्या उमेदवाराला गावाबाहेर नेण्यात आलं. अंधारात घळीच्या काठावरून तो आणि सोबतचे दोघे खाली गेले. ते दोघे वाचले, तो गेला. त्याचे वडील जनरल लेगेट हे देशाच्या पेटंट खात्याचे आयुक्त. त्यांनी मंडळाला दोष दिला नाही.

ओहायोतल्या केनयन कॉलेजची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऑक्टोबर १९०५. डेल्टा कप्पा एप्सिलॉनच्या उमेदवाराला रात्री रेल्वेच्या पुलावर थांबायला सांगितलं होतं. वेळापत्रकात नसलेलं एक इंजिन आलं. पोराला रुळाला बांधलं होतं की तो थकून झोपी गेला होता, यावर मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी आणि कॉलेज यांचं कधीच एकमत झालं नाही. त्या रात्री त्याचे वडील कॉलेजच्या आवारातच होते. ते त्याच मंडळाचे जुने सभासद. मुलाच्या दीक्षेसाठी मुद्दाम आले होते.

बापाची किल्ली मुलाकडे जावी, ही यातली खरी ओढ. अशा मुलाला तिथं 'लेगसी' म्हणतात, म्हणजे वारसा. आणि वारसा आला की कुणाला वाटा द्यायचा नाही, हेही आलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक मोठ्या मंडळांच्या घटनेत सभासद गोरा आणि ख्रिस्ती असावा, असं कलम तरी होतं किंवा कलमाची गरज पडू नये इतकी पक्की रीत तरी. मग वगळलेल्यांनी आपापली घरं बांधली. ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाऊ १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. कोलंबियाचे प्राध्यापक रिचर्ड गॉटहाइल हे तिचे प्रवर्तक. कॉर्नेलमध्ये १९०५ च्या सुमारास कृष्णवर्णी विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आदल्या वर्षीचे सहा जण परतलेच नव्हते. उरलेल्यांनी आपण टिकायचं कसं, यासाठी अभ्यासमंडळ सुरू केलं, आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी त्यातून अल्फा फाय अल्फा उभी केली. गोऱ्यांच्या मंडळांत पोरं तरुणपणाची चैन म्हणून जात. इथं पदवी हातात पडेपर्यंत तग धरणं हाच उद्देश होता. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल या मंडळाचे, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या मंडळाचे. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बॉस्टनमध्ये शिकत असताना सभासद झाले. या मंडळांत कॉलेज संपलं की सभासदत्व संपत नाही. पन्नाशीतला डॉक्टर आणि वकीलही शाखेच्या बैठकीला जातो. म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीला ही माणसं, त्यांचे पत्ते, त्यांचे पैसे तयार मिळाले. फ्रॅटर्निटीवर टीका करणारे बहुधा हे पान उलटून पुढे जातात, आणि तिचं कौतुक करणारे नको तेवढं दाखवतात.

१९१३ च्या जुलैमध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियात आले. आधी काही दिवस हार्टली हॉल या वसतिगृहात, मग पश्चिमेकडच्या ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेनांबरोबर. ब्रॉडवे आणि ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू यांच्यामधला ११४ व्या रस्त्याचा तो तुकडा आज 'फ्रॅट रो' म्हणून ओळखला जातो. एकाला एक लागून उभी असलेली चिंचोळी घरं, दारावर ग्रीक अक्षरं. मे १९१६ मध्ये आंबेडकरांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींवर निबंध वाचला. एक वर्ग स्वतःला कोंडून घेतो आणि मग बाकीचेही कसे आपापल्या जागी कोंडले जातात, याची ती मांडणी. त्यात फ्रॅटर्निटीचा उल्लेख नाही, आणि ओढूनताणून जोडण्याचं कारणही नाही. त्या रस्त्यावरून चालताना मात्र तो निबंध आठवल्याशिवाय राहत नाही.

वगळलेल्यांचा राग कधीकधी सरकारदरबारी पोचे. मिसिसिपी विद्यापीठात ली रसेल नावाच्या गरीब घरच्या विद्यार्थ्याला मंडळांनी उभं केलं नाही. तो वकील झाला, विधिमंडळात गेला, आणि १९१२ साली राज्याच्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या मंडळांवर बंदी आणणारा कायदा झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९१५ मध्ये न्यायालयानं कायदा उचलून धरला. रसेल पुढे राज्यपाल झाले. बंदी १९२६ पर्यंत चालली, आणि उठल्यावर मंडळं जणू काही झालंच नाही अशी परत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही वगळणूक लपवणं अवघड झालं. हिटलरशी लढून आलेल्यांच्या पंगतीत 'फक्त आर्यवंशीय' असलं कलम वाचायचं कसं? मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात १९४८ साली फाय कप्पा सायच्या शाखेनं एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याला उमेदवार म्हणून घेतलं. राष्ट्रीय संघटनेनं दटावलं. पोरं हटली नाहीत. शाखेलाच बाहेर काढलं गेलं. त्यांनी नावातली अक्षरं फिरवून आपलं स्वतंत्र मंडळ चालू ठेवलं. वीस वर्षांच्या पोरांनी आपल्या वडीलधाऱ्यांना दाखवलेला हा ताठ कणा कुठल्या सिनेमात आलेला नाही. त्याच ॲमहर्स्टनं १९८४ साली सगळीच मंडळं बंद केली. शेजारच्या विल्यम्स कॉलेजनं ती वाट १९६२ पासूनच धरली होती.

मुलींच्या मंडळांचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात अगदी सुरुवातीचं एक निघालं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली १९१३ च्या मार्चमध्ये, मंडळ स्थापून दोन महिने होत नाहीत तोवर, मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. इथं एकच गोष्ट सांगून पुढे जातो. मुलींच्या मोठ्या संघटना आपल्या घरांत दारू ठेवू देत नाहीत. मेजवान्या त्यामुळे मुलांच्या घरी होतात. दार मुलांचं, पिंप मुलांचं, कोणाला आत घ्यायचं ते मुलं ठरवणार. या व्यवस्थेतून काय काय निपजतं, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हे सगळंच आटत चाललं होतं. व्हिएतनामविरुद्ध आवारं पेटलेली. ब्लेझर घालून संस्थापकांची नावं पाठ करणं पोरांना हास्यास्पद वाटू लागलं. तेवढ्यात सिनेमा आला.

'ॲनिमल हाउस'चे एक लेखक ख्रिस मिलर हे डार्टमथ कॉलेजच्या अल्फा डेल्टा मंडळातले. तिथले किस्से त्यांनी 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात लिहिले, आणि ते पटकथेचा पाया झाले. चित्रीकरणाला आवार द्यायला विद्यापीठं तयार होईनात. ओरेगन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम बॉइड यांनी मात्र होकार दिला. पूर्वी बर्कलीत असताना त्यांनी 'द ग्रॅज्युएट'ला नकार दिला होता, आणि तो सिनेमा गाजल्याची चुटपुट त्यांना लागून राहिली होती. त्यांनी इतकी हौस दाखवली की सिनेमातला खलनायक डीन ज्या खोलीत बसून पोरांना काढून टाकतो, ती खरोखर बॉइड यांचीच कचेरी आहे. १९७७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर जेमतेम महिनाभरात, तीसएक लाख डॉलरमध्ये काम उरकलं. १९७८ च्या जुलैत सिनेमा लागला आणि एकट्या अमेरिकेत त्यानं चौदा कोटींच्या वर कमावले. कथा घडते १९६२ साली. म्हणजे प्रेक्षक बघत होते ते स्मरणरंजन. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी ते वेळापत्रक म्हणून वाचलं. पलंगपोस गुंडाळलेल्या मेजवान्यांची देशभर लाट आली. आटत चाललेल्या मंडळांना पुन्हा उमेदवार मिळू लागले, आणि येणारा प्रत्येक जण सिनेमात पाहिलेलं मागत होता.

त्याच १९७८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात एका स्थानिक मंडळाच्या उमेदवाराला दोघांसह मोटारीच्या डिकीत कोंडण्यात आलं. बाटल्या रिकाम्या केल्याशिवाय डिकी उघडणार नव्हती. तो वाचला नाही. त्याच्या आईनं पुढची अनेक वर्षं गावोगावी भाषणं देत, आमदारांचे उंबरे झिजवत हेझिंगविरुद्ध कायदे करवून घेतले. सिनेमा आणि ही आई, दोघांचा प्रवास एकाच वर्षी सुरू झाला. कुणाचा आवाज लांबवर पोचला, ते वेगळं सांगायला नको.

१९८४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांचं नाक दाबून दारू पिण्याचं वय एकवीसवर नेलं. न नेल्यास रस्त्यांचा निधी कापू, अशी तंबी. हेतू चांगला, रस्त्यावरचे अपघात कमी व्हावेत हा. कॉलेजात मात्र झालं असं की अठरा ते वीसची पोरं गुत्त्यातून उठली आणि फ्रॅटर्निटीच्या तळघरात जाऊन बसली. गुत्त्यात निदान एक शुद्धीवरचा, पोटासाठी काम करणारा माणूस गल्ल्यामागे असतो. तळघरात पाजणारा एकोणीस वर्षांचा. जे प्राध्यापकांसमोर करता येत नाही ते आतून कडी लावून करायचं, ही दीडशे वर्षांची सवय. आता निबंधाच्या जागी व्होडका आली. विमा कंपन्यांनी मंडळांना विषारी कचरा उचलणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. राष्ट्रीय संघटनांनी जाडजूड नियमावल्या काढल्या. त्यांचा खुबीदार भाग असा की नियम मोडला की जबाबदारी संघटनेची राहत नाही, त्या पोरांची होते. त्यामुळे काही बिघडलं तर पोरं आधी फोन वकिलाला करावा की रुग्णवाहिकेला, या विचारात पडतात.

ऑक्सफर्ड गावच्या त्या मंडळांपैकी दोन इथं पुन्हा भेटतात. फाय डेल्टा थीटानं २००० सालापासून आपल्या घरांत दारूला पूर्ण बंदी केली. नाताळच्या सुट्टीत जमलेल्या त्या सहा जणांना हे पटलं असतं. बीटा थीटा पायचं पेन स्टेट विद्यापीठातलं घरही कागदोपत्री कोरडंच होतं. लाखो डॉलर घालून डागडुजी केलेलं, भिंतींवर कॅमेरे बसवलेलं. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथं उमेदवारी स्वीकारण्याच्या रात्री दारू पाजलेला पोरगा जिन्यावरून पडला. रुग्णवाहिका बोलावली तेव्हा बारा तास होत आले होते. मधले सगळे तास कॅमेऱ्यांत आहेत: कोण त्याला ओलांडून गेलं, कोण बसून राहिलं, कुणी कुणाला 'मध्ये पडू नको' म्हणून बाजूला ढकललं.

याच्या शेजारी ठेवायला रोजचं वास्तव फार मिळमिळीत आहे. बहुतेक घरांत बहुतेक दिवशी चालतं ते असं: रविवारी संध्याकाळी बैठक, मागच्या सभेचं इतिवृत्त, थकलेली वर्गणी, स्वयंपाकघराची पाळी कुणाची, तुंबलेलं न्हाणीघर. एकोणीस वर्षांचा खजिनदार साठ जणांच्या जेवणाचं अंदाजपत्रक मांडतो, आणि बापाला फोन करून विचारतो की नळवाल्याला किती द्यावेत. अनेकांना पहिली नोकरी भिंतीवरच्या चौकटीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं लागते. यावर सिनेमा निघत नाही.

अमेरिकेत वाढलेल्या देसी मुलांचीही आता आपली घरं आहेत. बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९४ साली आयोटा नू डेल्टा निघाली, दक्षिण आशियाई मुलांसाठीची पहिली फ्रॅटर्निटी. मग पेनसिल्व्हेनियात सिग्मा बीटा रो, ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा. घरी आईशी मराठीत किंवा तेलुगूत बोलणारा पोरगा छातीवर ग्रीक अक्षरं मिरवत दिवाळीचा कार्यक्रम बसवतो. वरवर हे कॉर्नेलच्या त्या सात जणांसारखंच: दार लावलेलं दिसलं, म्हणून स्वतःचं बांधलं. पण घराबरोबर घराच्या खोडीही येतात. पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन मंडळाचे बरूक कॉलेजातले सभासद २०१३ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात गेले. तिथं उमेदवाराच्या डोळ्यांना पट्टी, पाठीवर वाळूची पिशवी, आणि समोरून भाऊ धावून येऊन आदळणार. आशियाई माणसाला अमेरिकेत किती धक्के सोसावे लागतात, हे त्याला कळावं, म्हणे. तो पोरगा मेला. २०१८ मध्ये न्यायालयानं मंडळाला दंड केला आणि दहा वर्षं राज्याबाहेर काढलं.

ज्या अल्फा डेल्टावरून सिनेमा निघाला, तिची मान्यता डार्टमथनं २०१५ च्या एप्रिलमध्ये काढून घेतली. काही नव्या सभासदांच्या कातडीवर तापल्या लोखंडानं डाग दिल्याचं उघड झालं होतं.

आणि सिनेमातलं ते घर, डेल्टा हाउस? ओरेगनमधल्या युजीन गावात ते खरोखर होतं. मुळात एका डॉक्टरांचं. १९५९ च्या सुमारास फाय सिग्मा कप्पाच्या शाखेनं ते घेतलं. १९६७ साली शाखा बंद पडली, कारण सभासद मिळेनात. घराची रया गेली, ओसरी काढून टाकली गेली, हिरवळीवर खडी पडून गाड्या लागू लागल्या. दहा वर्षांनी सिनेमावाले आले, तेव्हा त्यांना असंच मोडकळीला आलेलं घर हवं होतं. आतली बरीच दृश्यं त्यांनी शेजारच्या चालू फ्रॅटर्निटी-घरांत घेतली. १९८६ साली ते घर पाडलं. तिथं आता एका ख्रिस्ती विद्यापीठाची इमारत आहे. गाड्या आत शिरतात त्या वाटेशी एक मोठा धोंडा ठेवलाय, त्यावर ब्राँझचा फलक. फलक डेल्टा हाउसचा आहे.